दुसऱ्या साक्षीदाराची सही

११ जानेवारी, रवि. हदगाव.

वनखात्याच्या गार्डसाहेबांचा बोर्ड अजून प्रायमरवरच. किनवटच्या जंगलात चौकीच्या फाटकाशी लावायचा आहे. आठ बाय चारचा पत्रा, चोवीस चौकोन, प्रत्येकात एक पक्षी आणि खाली नाव. फ्लेक्स नको म्हणाले, उन्हाने दोन वर्षांत पांढरा पडतो. अब्बा गेल्यापासून असे हाताचे काम पहिलेच आले. नाहीतर नंबरप्लेटी आणि शटर.

यादी कदम सरांना फोनवर वाचून दाखवली. सरांनी मला दहावीपर्यंत विज्ञान शिकवले. आता रिटायर होऊन लातूरला लेकीकडे असतात. ऐकतात मात्र अजून वर्गात असल्यासारखे.

"यातले तू स्वतः पाहिलेस किती?"

मोजले. सात.

"मग बाकीचे काय ऐकीव रंगवणार? न पाहिलेला पक्षी रंगवायचा नाही, सलीम."

पुढच्या शनिवार-रविवारी त्याच जंगलात पक्षिगणना आहे. मला बरोबर नेणार. चोवीसावा चौकोन रिकामा ठेव म्हणाले. का ते सांगितले नाही.

अम्मी : "चिड्या देखने कू जंगल जारा? ये मुंडेर पो बैठे सो चिड्या नै क्या?"

१६ जाने., शुक्र. चौकी.

नांदेडला जाऊन सरांना बसस्टँडवरून घेतले. तिथून रेल्वेने किनवट. सरांनी गाडीत तीन वेळा चष्मा पुसला. मी काच बघितली, स्वच्छ होती.

चोवीसाव्या चौकोनाचे कारण गाडीत कळले. रानपिंगळा. गावातल्या पिंगळ्याएवढेच घुबड, पण जंगलातले आणि दिवसा हिंडणारे, डोक्यावर ठिपके नसल्यासारखे. सर वीस वर्षे शोधत आहेत. सातपुड्यात आहे, आपल्याकडे कोणी पाहिल्याची पक्की नोंद नाही. "साग आहे, नाला आहे, पोकळ झाडं आहेत. मग का नसावा?" हे ते खिडकीकडे बघून म्हणाले.

संध्याकाळी चौकीत सगळ्यांची बैठक. लातूरच्या कॉलेजची पाच पोरे आली आहेत, त्यांचा तंबू नाल्यापलीकडे. सरांनी बजावले की मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून पक्षी बोलवायचा नाही. तो बिचारा दुसरा नर आला समजून भांडायला येतो, घरटे उघडे टाकतो. पोरांनी माना डोलावल्या.

फॉर्म वाटले. दोनदा वाचला. दुर्मिळ पक्ष्याला दोन साक्षीदार लागतात, दोघांनी डोळ्यांनी पाहिलेला हवा. नुसता ऐकलेला असेल तर वेगळा रकाना.

१७ जाने., शनि.

एकतीस जाती. राखी धनेश पाच, एका ओळीत, जड उडतात, पंखांचा आवाज खाली ऐकू येतो. टकाचोर, सुतार, हळद्या, कोतवाल. स्वर्गीय नर्तकाची शेपूट पांढरी नाही, किंचित पिवळट आहे. हे बोर्डासाठी लिहून ठेवले.

आमच्या बरोबर आडे मामा. वनमजूर, तांडा जवळच आहे. पंचेचाळिशीचे असतील. सरांनी रानपिंगळ्याचे चित्र दाखवले तर म्हणाले, "दिवसा बोलणारं घुबड? सायब, रातचं बोलणारंच आमाला पुरं हाय."

सर हसले. मग विचारले, खरंच कधी पाहिले नाही का?

"पायलं बी असंल. घुबडाकडं कोन बघत बसतंय?"

सर अडखळून पडले. वाट सपाट होती. मी हात धरला तर झटकला.

१८ जाने., रवि.

हे नीट लिहायचे आहे.

सकाळी नाल्याच्या काठी. सर, मी, आडे मामा. थंडी, सागाची पाने खाली येत होती, प्रत्येक पानाकडे मी पक्षी म्हणून बघत होतो. सात वाजून वीस मिनिटांनी पलीकडून हाक. दोन तुकड्यांची, मऊ. सरांनी माझे मनगट दाबले. मी बोटांवर मोजत होतो आणि घड्याळ बघून वहीत लिहीत होतो.

नऊ हाका. थांबला. सात. थांबला. नऊ. लांब गुरांची घंटा. मोठी शांतता.

परत नऊ, सात, नऊ, घंटा.

परत नऊ, सात, नऊ, घंटा.

मग बंद.

मी हळूच मामांना म्हणालो, गुरे आहेत वाटते. मामा म्हणाले, "सकाळची गुरं? इकडं कोन सोडतंय गुरं? वाघरू हाय." मी लिहिलेले खोडले नाही. जे ऐकले ते लिहायचे.

मग सर एकदम उभे राहिले. "तो! तो बघ गेला! मोहाच्या डाव्या अंगानं, खाली! खाली बसला!"

मी बघितले. मोह दिसला. पान पडताना दिसले. अजून बघितले.

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "पाहिलास ना? तूही पाहिलास ना, सलीम?"

"हाव सर."

इतकेच म्हणालो.

दुपारी चौकीत फॉर्म भरला. अक्षर माझे, सर सांगत गेले. 'दिसला' या रकान्यात खूण. पहिला साक्षीदार सर. दुसऱ्याच्या ओळीवर सरांनी बोट ठेवले. आडे मामा बिडी शोधायला वाकले होते, त्यांनी पाहिले नाही असे ते स्वतःच म्हणाले. मोकळेपणाने म्हणाले. मला ते का जमले नाही.

सही केली.

१९ जाने., सोम. हदगाव.

काम नाही. पाऊण तास नुसता ब्रश धुतला.

असे तर नाही ना की मी पाहिला आणि मला कळले नाही? सरांची नजर चाळीस वर्षांची आहे. माझी दोन दिवसांची.

२५ जाने., रवि. लातूर.

पेपरात आले. सरांचा फोटो, खाली दोन ओळींत माझे नाव. आज लातूरला लहानसा सत्कार. शाल, नारळ. सर बोलायला उभे राहिले आणि पहिले वाक्य माझ्यावर. "म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर कोणी विश्वास ठेवला नसता. पण माझ्या बाजूला वीस-बावीस वर्षांचे कोवळे डोळे होते." टाळ्या. मी तेवीसचा आहे.

सरांची लेक, वैशालीताई, जेवायला वाढत होत्या. "बाबा आठ दिवस झाले गाणी म्हणून राहिले. आई गेल्यापासून पहिल्यांदा." मी पोळी अर्धी ठेवली. तब्येत बरी नाही म्हणालो. ताईंनी ओवा दिला.

२९ जाने., गुरु.

दुपारी निलेशचा फोन. लातूरच्या कॉलेजवाल्या पोरांतला. बैठकीत सगळ्यांचे नंबर घेतले होते त्याने.

"भाऊ, नशीब तुमचं! आम्ही नाल्याच्या पलीकडंच होतो राव. सकाळी त्याचा कॉल पण लावला स्पीकरवर, तीन-चार वेळा. सरांना सांगू नका हं. आमच्याकडं काय चिमणी बी आली नाही."

किती वाजता लावला विचारले.

"सात-सव्वासात. का हो?"

असेच म्हणालो. तो आवाज पाठवशील का? बोर्डाचे काम आहे, सवय होईल. पाठवला.

दुकानाचे शटर अर्धे ओढून ऐकला. नऊ. सात. नऊ. घंटा. ज्याने कुठेतरी तो आवाज भरून घेतला, त्याच्या मागून गाय गेली असेल.

वही उघडून समोर ठेवली. चौदा वेळा ऐकला.

३० जाने., शुक्र.

नमाजनंतर बाहेर बसून विचार केला. सांगायचे असेल तर काय सांगायचे.

(१) आवाज मोबाईलचा होता. हे पक्के.

(२) पण सरांनी जो पाहिला तो? मोबाईलचा आवाज ऐकून खरा पक्षी आला असेल. होऊ शकते. सरच म्हणाले होते की भांडायला येतो.

(३) मी काहीही पाहिले नाही. हेही पक्के. यात निलेशचा काही संबंध नाही.

तिसऱ्यावर येऊन थांबतो. पहिल्या दोहोंत मला कोणी पकडणार नाही.

२ फेब्रुवारी, सोम.

गार्डसाहेबांचा फोन. आवाजात उत्साह. नाल्याच्या उतारावर यंदा सागाची तोड होती, कूप म्हणतात तिला. आपल्या नोंदीमुळे ती थांबवली, तपासणी होईपर्यंत एक झाड पडणार नाही. "चोवीसावा चौकोन मोठा काढ रे. रानपिंगळाच काढ."

सरांना कळवले. त्यांनी किती झाडे ते विचारले. मग म्हणाले, "सलीम, आपण एक जंगल वाचवलं."

'आपण' म्हणाले.

४ फेब्रु., बुध. चौकी.

बोर्डाची मापे घ्यायची म्हणून गेलो. मापे माझ्याकडे होती. आडे मामांना म्हटले, नाल्यावर बसू. सूर्य उगवल्यापासून साडेदहापर्यंत बसलो. साडेतीन तास. टकाचोर आला, सुतार आला. मोहाच्या डाव्या अंगाने काही गेले नाही, बसले नाही. झाडांच्या ढोल्या बघितल्या. एकीत घोरपड.

मामांनी बिडी पेटवली. शेवटी मीच विचारले, तांड्यावर काय चालू आहे?

"चाललंय काय? चार घरं गेली परवा. तेलंगणात, वीटभट्टीवर. पोरंसोरं, कोंबड्या घेऊन."

का?

"कूप बंद झाला न्हाई का. फागणापतुर काम व्हतं हितं. होळी तांड्यावर झाली असती." मग हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमचा पक्षी लई मोठा निघाला की ओ पेंटर! मुठीएवढा सांगितला व्हता, चार घरं उचलून नेली."

मीही हसलो. हसायला यायला नको होते.

परत येताना विचारले, मामा, त्या दिवशी तुम्ही खरंच वाकला होता का, बिडीसाठी?

ते चालत राहिले. "मला सही येत न्हाई चांगली. अंगठा मागितला असता. मी कुटं अंगठा देत न्हाई, मालक. आमच्या बापानं एकदा दिला व्हता."

मग थोडे पुढे जाऊन, "तुमी पायला न्हवं? मग झालं."

९ फेब्रु., सोम.

सरांच्या डाव्या डोळ्यासमोर सकाळी एकदम पडदा आला. खालून वर, काळा. ताईंचा फोन. मी बस धरली.

लातूर. डोळ्यांचे हॉस्पिटल. डॉक्टर तपासत होते तेव्हा मी दाराशी. आतला पडदा फाटून सुटला आहे. डॉक्टरांनी विचारले, आधी काही दिसत होते का? काळे ठिपके, तरंगणारे, माश्यांसारखे?

सर म्हणाले, "दिसायचे. महिना-दीड महिना. डोळा फिरवला की ते पळायचे. एक मोठा होता. खाली उतरायचा आणि बसायचा."

सहज म्हणाले. त्यांना त्यात काही ऐकू आले नाही.

मला आले.

खाली जाऊन चहा घेतला, तो सांडला, दुसरा घेतला.

१२ फेब्रु., गुरु.

ऑपरेशन झाले. डोळ्यात हवा भरली आहे. ती वर राहून पडदा चिकटावा म्हणून सरांनी दहा-बारा दिवस पालथे पडून राहायचे. जेवायलाही मान खाली. चाळीस वर्षे आभाळाकडे बघणारा माणूस.

मी थांबतो म्हणालो. ताईंची नोकरी आहे. दिवसा मी, संध्याकाळी त्या.

सर उशीत तोंड घालून बोलतात, शब्द अर्धे ऐकू येतात. आज म्हणाले, उजवा डोळाही फार चांगला नाही. "पण काही हरकत नाही. शेवटचा जो बघायचा होता तो बघून झाला."

मी मोसंबी सोलत होतो. पांढरी साल एक तार राहू न देता काढली. एका मोसंबीला किती वेळ लावला.

१५ फेब्रु., रवि.

सर मजकूर सांगतात, मी लिहितो. एका मासिकाला लेख द्यायचा आहे. आज त्यांनी सांगितले, "सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी पक्ष्याने साद दिली. माझे विद्यार्थी सलीम यांनी सादेची मोजणी केली ती अशी." आणि थांबले. "तुझ्या वहीतले आकडे घाल तिथं. तू मोजले होतेस ना? तेवढं एक काम माझ्याने कधी झालं नाही, मी नुसता ऐकत राहतो."

आकडे छापून येणार. नऊ, सात, नऊ. ज्याच्याकडे ते रेकॉर्डिंग आहे तो कोणीही ओळखेल. ओळखला की हसतील ते सरांना.

जागा सोडली. म्हणालो, वही हदगावला आहे.

वही पिशवीत होती.

१९ फेब्रु., गुरु.

पहिला रोजा. ताई म्हणाल्या, तू उपाशी, आणि बाबांना चमच्याने भरवतोस, कसं वाटतं रे? मी म्हणालो, सवय आहे. अन्नाचे काही वाटत नाही.

रोज्यात खोटे बोलले तर पोटाला बांधून काय उपयोग, हे अम्मी लहानपणापासून सांगते. आज सरांनी दोनदा विचारले, वही मागवलीस का? दोन्ही वेळा म्हणालो, सांगितले आहे घरी.

दुपारी ते झोपले तेव्हा व्हरांड्यात बसून पत्र लिहिले. चार वेळा. तीन फाडली. शेवटचे असे :

"मा. वनरक्षक साहेब, १८ जानेवारीच्या फॉर्मवर दुसरा साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी पक्षी पाहिलेला नाही. पाहिला असे मी सांगितले, ते खरे नव्हते. जो आवाज मी मोजला तो पक्ष्याचा नसून मोबाईलचा होता, याची माझी खात्री आहे. माझी सही रद्द समजावी. कदम सरांनी मला खोटे लिहायला सांगितले नाही."

शेवटचे वाक्य आधी नव्हते. चौथ्या वेळी आले.

२० फेब्रु., शुक्र.

सरळ पाठवता आले असते. पोस्ट समोरच आहे. पण सरांना पेपरातून कळणे बरोबर नाही. आणि मी परत एकदा भ्यायलो, तेही खरे.

ताई ऑफिसला गेल्या. सर पालथे. मी स्टूल ओढले.

"सर, एक पत्र लिहिलंय. वाचू?"

"वाच."

वाचले. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो.

पाठ वर-खाली होत होती. बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न अडकला होता, तो बंद होईपर्यंत मी मोजत बसलो.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचले.

"मोबाईल कोणाचा?"

सांगितले. आकडे सांगितले. घंटा सांगितली.

"तिन्ही वेळा?"

"हाव सर."

"तिन्ही वेळा घंटा?"

"हाव सर."

मला वाटले झोपले. एकदम म्हणाले, "मी कोणत्या डोळ्यानं पाहिला ते आठवून राहिलो."

मी म्हणालो, दुर्बीण होती ना सर.

"गळ्यात होती. लावायला सवडच मिळाली नाही." हात खाटेवरून खाली आला, काही शोधल्यासारखा. मी पाण्याचा ग्लास दिला. तो नको होता. "तू पाहिला नाहीस, ते तुझं झालं. सांगायला पाहिजे होतं, तिथंच. आडेनं सांगितलं ना? मग?"

"तुमच्या डोळ्यांत पाणी होतं सर."

"अरे, मग पुसायला रुमाल द्यायचा. सही कशाला दिलीस?"

आवाज चढला तशी मान वर आली. मी घाबरून खाली धरली, डॉक्टरांनी सांगितले तशी. माझ्या हाताखाली त्यांचे डोके होते आणि ते रडत होते का ते मला दिसत नव्हते.

मग शांतपणे म्हणाले, "तारीख घातलीस?"

"घातली."

"इथं ठेव. उशीखाली. मी उठून बसलो की माझ्या डोळ्यानं वाचीन. जेवढं दिसेल तेवढं. तोवर पाठवू नको. आणि माझ्यासाठी थांबूही नको."

मी विचारले, म्हणजे काय करू सर?

त्यांनी पत्र चाचपून स्वतःच उशीखाली सरकवले.

ताई आल्या तेव्हा सरांनी पाणी मागितले आणि झोपले. मी निघताना हाक मारली नाही.

२२ फेब्रु., रवि. हदगाव.

बोर्ड पुरा करायचा म्हणून आलो, ताईंनी रजा काढली आहे. लातूरहून फोन नाही. मी केला. ताई म्हणाल्या बाबा बरे आहेत, गप्प आहेत फक्त. लेखाचे काम नको म्हणाले. परवा उठून बसू देतील.

पत्राची एक नक्कल लिहून काढली. पाकिटात घातली. पत्ता लिहिला. तिकीट लावले.

आडे मामांचा नंबर काढून बघितला. ते विचारतील कूप कधी सुरू होतो. सुरू झाला तर नाल्याकाठचा साग जाईल, मोह जाईल, धनेश कुठे बसतील. नाही झाला तर वीटभट्टी. यात मी कोणाची बाजू घेऊन पत्र टाकतोय? कोणाचीच नाही. मी फक्त पाहिले नव्हते.

२३ फेब्रु., सोम.

गार्डसाहेब उद्या सकाळी टेम्पो घेऊन बोर्ड न्यायला येणार. तेवीस पक्षी पूर्ण. नावे तीनदा तपासली. नर्तकाची शेपूट बरोबर जमली आहे, किंचित पिवळट.

संध्याकाळी अम्मी खजूर घेऊन दुकानात आली. बोर्डासमोर उभी राहिली, एकेक चित्र बघितले. धनेशाला हात लावणार होती, ओला आहे म्हणालो.

"अच्छा हुआ रे. तेरे अब्बा देखे रैते तो." मग शेवटच्या चौकोनाकडे बोट. "ये एक खाली कैकू छोड्या?"

"सर सांगणार आहेत."

"और सर नै बोले तो?"

अजान झाली. तिने माझ्या हातात खजूर ठेवला. पाकीट खिशात होते, ते वाकताना टोचले. टपालाची पेटी समोरच्याच चौकात आहे. मी तिकडे बघत तो खजूर धरून उभा होतो, अम्मी म्हणाली, "खा रे पैले. वखत हुआ."